लोरेन्झसाहेबांची पंधरा पावलं

सौदीतल्या रास अल खैरच्या प्लांटवर रुजू झालो, त्या आठवड्यात मला पहिला सल्ला मिळाला तो लोरेन्झसाहेबांबद्दल. कंट्रोल रूममधला केरळचा ऑपरेटर म्हणाला, "बुढ्ढे को वॉकी पे यूँ ही मत बुलाना. वो जवाब देता है."

मला वाटलं, थट्टा करतोय. हाक मारली की उत्तर येणारच, त्यात सांगण्यासारखं काय? पण समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एवढ्या मोठ्या कारखान्यात वॉकीटॉकीवर दिवसभर शेकडो हाका चालू असतात आणि निम्म्या हाकांना कोणी दाद देत नाही. लोरेन्झसाहेब मात्र द्यायचे. हाक दुसऱ्याच कोणासाठी असली आणि दोनदा मारूनही पलीकडून कोणी बोललं नाही, की यांचा जाड आवाज यायचा, "लोरेन्झ. मी आहे. बोला." मग हातातलं काम ठेवून ज्याला हाक होती त्याला ते शोधून काढायचे.

डीटर लोरेन्झ, जर्मन. बाष्पीभवनाची यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीने प्लांट चालू करून द्यायला पाठवलेले. पासष्टी कधीच उलटली होती. उंच, पाठीत थोडे वाकलेले, अठ्ठेचाळीस डिग्रीतही शर्टचं गळ्याजवळचं बटण लावलेलं. हातात घड्याळ नाही. कोणी भेट म्हणून दिलं तर घ्यायचे, आभार मानायचे आणि त्याच दिवशी दुसऱ्याला देऊन टाकायचे. असं एक माझ्याकडेही आलं होतं.

मी हर्णैचा. अल्ताफ खतीब. मला ते आडनावानेच हाक मारायचे, "खतीब", शेवटचा ब जरा जोरात. मेसमध्ये आम्ही समोरासमोर बसायचो. ते काळा चहा, पाव आणि काकडी असं खायचे. फार बोलायचे नाहीत. पण जे बोलायचे ते डोक्यात राहायचं. कोणी अरबी शिक्का, इंग्रजी फॉर्म, परवाना असं काही पुढे केलं की म्हणायचे, "कागद माणसापेक्षा हलका असतो, पण बसतो मात्र माणसाच्या छातीवर."

कॅम्पला कुंपण होतं आणि कोपऱ्यांवर पहारेकऱ्यांच्या खोपट्या. लोरेन्झसाहेब सकाळी फिरायला निघाले की प्रत्येक खोपटीपाशी थांबायचे. पहारेकरी बहुतेक नेपाळी. त्यांना नावाने हाक मारायची, पाण्याची बाटली द्यायची आणि दरवेळी एकच प्रश्न विचारायचा, "आज तुझ्याबरोबर कोण आहे?" एकटाच असला तर हे पाच मिनिटं जास्त थांबायचे. दोघं असले तर नमस्कार करून पुढे. मी एकदा विचारलं, "पहारेकऱ्यांचं एवढं का?" तर म्हणाले, "मी पण ते काम केलंय." मला वाटलं, तरुणपणी कुठल्या गोदामावर केलं असेल.

मजीदभाईंचा अपघात झाला तेव्हा मला या माणसाची पहिल्यांदा ओळख पटली.

मजीदभाई श्रीवर्धनकडचे, पन्नाशीचे, परांच्या बांधणारे. एका सबकॉन्ट्रॅक्टरकडे होते. बाष्पीभवनाच्या कक्षात आतून परांची बांधताना ती त्यांच्या पायावर कोसळली. कक्ष म्हणजे आगगाडीच्या डब्याएवढी लोखंडी पेटी, आत शिरायला माणूस जेमतेम मावेल एवढं गोल भोक. आतली हवा तपासल्याशिवाय कोणाला सोडता येईना, आणि कापणी करणारी टीम यायला वेळ लागणार होता. बाहेर दहाजण जमले. सगळे एकमेकांवर ओरडत होते. लोरेन्झसाहेब आले, सगळ्यांना मागे सरायला लावलं आणि त्या भोकाशी पोटावर आडवे झाले. डोकं आत घालून बोलायला लागले. जर्मनमध्ये.

पावणेदोन तास ते बोलत होते. मधे मी पाणी दिलं, तर एक घोट घेऊन पुन्हा सुरू. लोखंड इतकं तापलेलं होतं की त्यांच्या कोपरांना फोड आले.

मजीदभाईंना बाहेर काढलं. पायाचं हाड मोडलं होतं, बाकी ठीक. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर म्हणाले, "अल्ताफ, तो बुढा काय बोलत होता, मना काय एक समजला नाय. पन जरा थांबला का मना भीती वाटायची. का हा बी गेला."

मी हे लोरेन्झसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "काय बोललो? आमच्या गावच्या दुकानांची नावं सांगत होतो. रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत."

मजीदभाई सहा महिन्यांनी पुन्हा कामावर उभे राहिले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गावाहून फोन आला. त्यांच्या बायकोच्या, जैनबच्या, पोटात गाठ होती. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. तेव्हा कफीलने मंजुरी दिल्याशिवाय एक्झिट-रीएंट्री मिळत नसे. म्हणजे घरी जायचं तर मालकाने हो म्हणायला हवं. सबकॉन्ट्रॅक्टरचा मॅनेजर हो म्हणेना. आधीच सहा महिने हा माणूस बसून होता, आता प्लांटची चाचणी तोंडावर आलीय, ती झाली की बघू, असं त्याचं म्हणणं. मजीदभाई रोज दुपारी त्याच्या ऑफिसबाहेर उभे राहायचे. रोज उत्तर एकच, "बुक्रा." उद्या.

मी मध्यस्थी करून पाहिली. मॅनेजर माझ्याशी गोड बोलला आणि काही केलं नाही. मेसमध्ये मी हे वैतागून बोललो तेव्हा लोरेन्झसाहेबांनी पाव खाली ठेवला.

"घरी जायला परवानगी लागते?"

"लागते. नियमच आहे."

"आणि तो मागतोय किती दिवस?"

"अकरा."

ते उठलेच. दुसऱ्या दिवशी मोठी चाचणी पूर्ण झाली. कागदांवर लोरेन्झसाहेबांची सही झाली की सबकॉन्ट्रॅक्टरपासून वरपर्यंत सगळे मोकळे होणार होते. मीटिंगला वीसएक माणसं. कागद समोर आले. लोरेन्झसाहेबांनी पेन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "यंत्र उत्तम चाललंय. त्या मॅनेजरने मजीदच्या कागदावर सही केली की मी या कागदावर करतो."

प्रोजेक्ट डायरेक्टर इंग्रज होता. तो आधी हसला, मग तापला. "डीटर, या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. हे नियमाबाहेरचं आहे."

लोरेन्झसाहेब म्हणाले, "नियम मी पाळून पाहिलेत."

आवाज चढला नव्हता. पेन टेबलावरच राहिलं. संध्याकाळपर्यंत मजीदभाईंचा एक्झिट निघाला. लोरेन्झसाहेबांनी सही केली. आठ दिवसांत त्यांच्या कंपनीचं पत्र आलं की करार संपल्यावर तो वाढवला जाणार नाही. ते पत्र त्यांनी मला दाखवलं, घडी घातली आणि काकडी कापायला घेतली.

मजीदभाईंना मी दमामच्या विमानतळावर सोडलं. ते मुंबईला उतरले, तिथून गाडीने गावी पोचले तेव्हा जैनबला दफन करून चार तास झाले होते. माणसं कब्रस्तानातून घरी आलेली, हातपाय धुऊन ओट्यावर बसलेली.

ही बातमी मी शुक्रवारी नमाजानंतर लोरेन्झसाहेबांना दिली. प्लांटमध्ये समुद्राचं पाणी आत घेतात त्या बाजूला सिमेंटचा एक कट्टा आहे. तिथे ते बसले होते. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "ती शेवटी काय बोलली, हे त्याला कोणी सांगितलं का?"

"माहीत नाही. का?"

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. मी ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांची वाक्यं तुटक होती.

महायुद्ध संपलं तेव्हा जिंकणाऱ्यांनी जर्मनी वाटून घेतली आणि बर्लिन शहरही वाटून घेतलं. पश्चिमेचा भाग अमेरिका, इंग्रज आणि फ्रेंच यांच्याकडे, पूर्वेचा रशियाकडे. लोरेन्झसाहेबांचं गाव रशियाच्या वाट्याला आलेल्या मुलखात, बर्लिनपासून दूर, दक्षिणेला. पूर्वेची माणसं बर्लिनमधून पश्चिमेला निघून जायला लागली, लाखांनी, म्हणून एका ऑगस्टमध्ये रातोरात तिथे तारा ओढल्या आणि मग भिंत बांधली. हे तेव्हा चौदा वर्षांचे. त्याच वर्षी भिंतीतल्या एका नाक्यावर अमेरिकेचे रणगाडे आणि रशियाचे रणगाडे समोरासमोर उभे राहिले. रेडिओवर ते ऐकून यांच्या आईने दोन पोती बटाटे विकत घेतले आणि तळघरात ठेवले. "आमच्यासाठी महासत्तांचं भांडण म्हणजे ते बटाटे," ते म्हणाले. "हिवाळाभर खाल्ले."

एकोणिसाव्या वर्षी त्यांना सक्तीच्या सैन्यभरतीत उचललं आणि नेमकं त्या भिंतीवर पाठवलं. बर्लिनमध्ये कोणी ओळखीचं नाही, म्हणूनच पाठवलं. पहारा जोडीने. जोडीदार रोज वेगळा, कारण दोघांची मैत्री झाली तर दोघं मिळून पळतील. एक पळाला तर दुसऱ्याने त्याला मारायचं. पलीकडच्या बाजूला लाकडी मचाण होतं. त्यावर अमेरिकन पाहुणे चढायचे आणि या पोरांचे फोटो काढायचे. अलीकडच्या बाजूने रशियन अधिकारी यायचे, दुर्बीण लावायचे, मान हलवून जायचे. "दोन्हीकडचे मोठे लोक आम्हाला बघायला येत. प्राणिसंग्रहालय होतं ते. फक्त आमच्या हातात बंदुका होत्या."

नोव्हेंबरमधली एक सकाळ, दाट धुकं. भिंतीच्या आधी पूर्वेच्या बाजूला एक कुंपण होतं, त्यावरून एक माणूस उतरला आणि पश्चिमेला पळायला भिंतीकडे धावला. दोघांनी थांबायला सांगितलं. दोघांनी गोळ्या झाडल्या. तो भिंतीच्या अलीकडे पडला.

"मी पायांवर नेम धरला होता," लोरेन्झसाहेब म्हणाले. "कोर्टात मी हेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की ते खरं होतं की नाही, हे आता मलाच आठवत नाही."

हुकूम असा की अधिकाऱ्याची गाडी येईपर्यंत जागा सोडायची नाही. तो माणूस पंधरा पावलांवर होता. त्यांनी नंतर, मनातल्या मनात, खूप वेळा मोजली होती ती पावलं. आडवा पडल्यावर धुक्यात दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. त्याने विचारलं, "तिथे कोणी आहे का?"

लोरेन्झसाहेब म्हणाले, "आहे."

जोडीदार दबक्या आवाजात म्हणाला, "गप्प बस. बोलायचं नाही." थोड्या वेळाने त्या माणसाने पुन्हा विचारलं. यांनी पुन्हा सांगितलं, "आहे." असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, "माझ्या आईला सांगा, मी घाबरलो नव्हतो." त्यानंतर काही बोलला नाही. गाडी अर्ध्या तासाने आली.

दोघांना आठवड्याची रजा मिळाली आणि बक्षीस म्हणून एकेक मनगटी घड्याळ. लोरेन्झसाहेबांनी ते आईला देऊन टाकलं. कशाबद्दल मिळालं, ते सांगितलं नाही. तिने ते मरेपर्यंत वापरलं.

पुढे भिंत पडली, देश एक झाला आणि नव्या सरकारने जुन्या पहारेकऱ्यांवर खटले भरले. जोडीदार तोवर मेला होता. गोळी कोणाची, हे ठरवता येईना. यांना सौम्य शिक्षा झाली, तीही तहकूब. निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात त्या माणसाची आई समोर आली. म्हातारी, मुलीच्या हाताला धरून. तिने शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "तो काही बोलला होता का?"

शेजारी वकील उभा होता. आम्ही दूर होतो, तो पडल्यावर काही ऐकू आलं नाही, असंच त्याने यांच्याकडून कोर्टात वदवून घेतलं होतं.

"मी नाही म्हणालो," लोरेन्झसाहेब म्हणाले. "नाही, काही बोलला नाही. असं म्हणालो. ती बरं म्हणाली आणि गेली. पुढच्या वर्षी वारली."

पाणी आत ओढणारे पंप घरघरत होते. थोड्या वेळाने ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मेसकडे चालू लागले. त्यानंतर महिनाभर आम्ही फक्त पंपांविषयी आणि प्रेशरविषयी बोललो.

चाळिसावा करून मजीदभाई परत आले. वाळले होते. येताना त्यांनी लोरेन्झसाहेबांसाठी घरचे कोकम आणले होते. मेसमध्ये त्यांच्यासमोर पुडी ठेवून म्हणाले, "अल्ताफ, याला सांग, याच्यामुले गेलो. नायतर गेलोच नसतो."

मी भाषांतर केलं. लोरेन्झसाहेब म्हणाले, "पण उशीर झाला."

"झाला," मजीदभाई म्हणाले. "पन शेजारची हलीमा तिच्या उशाशी होती. ती बोल्ली, का जैनबने शेवटाला इचारला, त्यांचा पाय बरा हाय ना? माझा पाय. ता मना हलीमाने सांगितला." त्यांनी पुडी पुढे सरकवली. "येवढाच घेऊन आलोय मी परत. ता नसता सांगितला तर काय घेऊन जगलो असतो?"

मी हे शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. लोरेन्झसाहेबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी कोकमाची पुडी उचलली, हुंगली, खिशात घातली. रात्रीच्या जेवणाला ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "धुक्यातल्या त्या माणसाची बहीण, कोर्टात आईबरोबर आलेली, अजून आहे. बर्लिनमध्येच. आता सत्तरीची असेल. मी जावं का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी जाऊ नये. म्हणूनच विचारतोय."

मी म्हणालो, "तो निरोप तुमचा नाही. ज्यांचा आहे त्यांना द्या."

हे मी सहज बोलून गेलो. आज विचार करतो की मला तो अधिकार होता का. पण बोललो खरा.

करार संपायला सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत त्यांनी तिला पत्र लिहिलं, मग फाडलं, मग पुन्हा लिहिलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं. भेटायला येऊ शकता, अमुक दिवशी अकरा वाजता. लोरेन्झसाहेबांनी आपली पुस्तकं, पंखा, चहाची किटली पहारेकऱ्यांना वाटून टाकली. विमानतळावर मी आणि मजीदभाई गेलो होतो. त्यांनी दोघांशी हात मिळवले, बॅग उचलली आणि मागे न बघता आत गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी मजीदभाईंना बोलावून घेतलं. पडद्यावर लहानसं स्वयंपाकघर दिसत होतं, मागे खिडकी, बाहेर करडं आभाळ. लोरेन्झसाहेबांनी घरातही कोट घातला होता. चेहरा लहान झाला होता.

मजीदभाईंनी सलाम केला. मग मला कोपर मारून म्हणाले, "इचार ना. भेटली का ती?"

मी विचारलं.

"भेटली," ते म्हणाले. "तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी सगळं सांगितलं. तो काय बोलला तेही सांगितलं. मी तीनदा उत्तर दिलं तेही. ती ऐकत होती. मग म्हणाली, म्हणजे तुम्ही बोलण्याइतके जवळ होतात."

त्यांनी कोटाची कॉलर सारखी केली.

"मी हो म्हणालो. ती उठली, दार उघडून उभी राहिली. मी निघालो."

मजीदभाई माझ्याकडे बघत होते. मी त्यांना मराठीत सगळं सांगितलं, काही न गाळता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "अल्लाह," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "बाई चूक नाय बोल्ली. पन याला सांग, निरोप आईपर्यंत नाय पोचला, तरी बहिनीपर्यंत पोचला. आता ती हाकलू दे, रडू दे, ता तिचा."

मी सांगितलं. लोरेन्झसाहेबांनी मान डोलावली.

"तिचं बरोबरच आहे," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी याच वाक्याला घाबरत होतो. पंधरा पावलं, आणि मी जागचा हललो नाही. कोर्टात कोणी बोललं नाही. ती बोलली."

"आता बरं वाटतंय का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"नाही," ते म्हणाले. "बरं वाटण्यासाठी गेलो नव्हतो."

पुढच्या वसंतात ते गेले. त्यांच्या कंपनीतल्या एकाने मेलवर कळवलं, हृदय बंद पडलं म्हणून. आम्ही दोघांनी फातिहा पढली. त्यांच्या धर्मात चालतं की नाही, हे विचारायला कोणी नव्हतं.

मला ते आठवतात ते त्या कॉलवरचे. बोलणं संपलं होतं. त्यांना डॉक्टरकडे जायचं होतं. त्यांनी उठून गळ्याभोवती मफलर गुंडाळला, कोटाची बटणं खालून वर एकेक करत लावली आणि फोन बंद करायला वाकले. चष्मा नव्हता, त्यामुळे बटण सापडेना. चेहरा पडद्याजवळ आला, दाढी न केलेली हनुवटी, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटणं. मग त्यांचा अंगठा चुकून कॅमेऱ्यावर आला. पडदाभर लालसर अंधार पसरला, खिडकीचा उजेड त्यातून जरासा झिरपत होता. अंगठा तसाच राहिला, चाचपडत, आणि मग कॉल तुटला.